जंक मेलची चाळणी: ब्राउझरमध्ये, आउटलुकमध्ये आणि थंडरबर्डमध्ये

दिवाळी अंकाच्या कचेरीत मजकूर येऊन पडण्याचे दिवस म्हणजे जुलै-ऑगस्ट. एका लहान अंकाच्या संगणकांची देखभाल मी पाहत होतो, त्या वर्षी कऱ्हाडच्या एका लेखिकेने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कथा मेलने पाठवली होती. पोच मिळाली नाही म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी फोन केला, तेव्हा आम्ही कचेरीतल्या संगणकावरचा इनबॉक्स पाहिला, जंकचे फोल्डर पाहिले, पुसलेल्या मेलचा ढीगही उपसला. कथा कुठेच सापडली नाही. ती आमच्या संगणकापर्यंत उतरलीच नव्हती. सर्व्हरच्या, म्हणजे मेल सांभाळणाऱ्या दूरच्या संगणकाच्या, चाळणीने ती स्पॅम म्हणजे नकोसा मेल समजून तिथल्याच फोल्डरमध्ये टाकली होती, आमचा मेल-प्रोग्रॅम फक्त इनबॉक्सातले मेल खाली उतरवत होता, आणि स्पॅममधल्या मेलची मुदत संपल्यावर सर्व्हरने तो पुसून टाकला होता. मांडणी आम्हीच केलेली असल्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देण्याची सोयही नव्हती. तेव्हापासून कुठेही चाळणी लावताना मी आधी एकच गोष्ट विचारतो: तिच्यात चुकून अडकलेला चांगला मेल कुठे दिसेल आणि किती दिवस दिसेल? पुढची सगळी पावले या प्रश्नाला धरून लिहिली आहेत.

पहिले पाऊल: मेल कोणत्या वाटेने येतो ते पाहणे

तुमच्या मेलवर बहुधा दोन चाळण्या एकापुढे एक लागलेल्या असतात. पहिली सर्व्हरवर असते, म्हणजे जीमेल, आउटलुक डॉट कॉम किंवा तुमच्या स्वतःच्या डोमेनचे (पत्त्यात ‘अ‍ॅट’पुढे येणाऱ्या नावाचे) होस्टिंग, म्हणजे भाड्याची जागा, जिथे आहे तिथे. दुसरी तुमच्या संगणकावरच्या आउटलुक किंवा थंडरबर्ड या मेल-प्रोग्रॅममध्ये असते. पहिलीचे काम संगणक बंद असतानाही चालू राहते आणि तिने दिलेला निकाल मोबाइलवर, ब्राउझरमध्ये, संगणकावर सगळीकडे सारखाच दिसतो. दुसरीला फक्त त्या एका संगणकापुरते कळते आणि तोही चालू असेल तेव्हाच. म्हणून मुख्य भार सर्व्हरच्या चाळणीवर ठेवावा आणि संगणकावरची चाळणी तिच्या हाताखाली ठेवावी. दोन्ही चाळण्या एकमेकींना न विचारता मेल उचलू लागल्या की तो कुणी उचलला आणि कुठे ठेवला, याचा माग लावण्यातच दिवस जातो.

सर्व्हरवरचा मेल संगणकावर आणण्याच्या पॉप आणि आयमॅप अशा दोन पद्धती आहेत. यानंतर खाते पॉप पद्धतीचे आहे की आयमॅप पद्धतीचे, ते तपासावे. जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये फाइल या मेनूतून अकाउंट सेटिंग्ज उघडल्यावर प्रत्येक खात्यासमोर टाइप या रकान्यात ते लिहिलेले असते. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जमधल्या सर्व्हर सेटिंग्ज या पानावर सर्व्हर टाइप दिसतो. पॉपने फक्त इनबॉक्स खाली उतरतो, सर्व्हरवरचे स्पॅमचे फोल्डर तिथेच राहते आणि संगणकासमोर बसलेल्या माणसाला ते असल्याची जाणीवही होत नाही. आयमॅपमध्ये सर्व्हरवरची फोल्डरे जशीच्या तशी संगणकावर दिसतात. लहान कचेऱ्यांत वर्षानुवर्षे चालत आलेली पॉपची खाती अजून पुष्कळ आहेत, आणि माझ्या मते ती बदलणे हे या सगळ्या खटाटोपातले सर्वांत उपयोगाचे काम आहे.

पॉपचे खाते जागच्या जागी आयमॅपमध्ये बदलता येत नाही. तोच पत्ता आयमॅप म्हणून नव्याने जोडावा लागतो आणि जुने खाते काही दिवस तसेच ठेवावे लागते, कारण उतरवलेले मेल सर्व्हरवरून पुसण्याची सोय चालू असेल तर ते फक्त त्या संगणकावरच उरलेले असतात. हवे असलेले मेल जुन्या खात्यातून ओढून नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये टाकले की ते सर्व्हरवर चढतात. त्याआधी सर्व्हरवर जागा किती आहे ते पाहावे. जीमेलच्या फुकट खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा मिळते. सगळे मेल चढल्याची खात्री झाल्याशिवाय जुने खाते काढू नये.

जीमेल: ब्राउझरमधून करायची कामे

जीमेलची मूळ चाळणी बंद करता येत नाही आणि तशी गरजही पडत नाही. तिला तुमच्या कामाची ओळख करून देणे एवढेच आपल्या हाती असते. सर्वप्रथम स्पॅमचे फोल्डर डोळ्यांसमोर आणावे. डावीकडच्या यादीत ते बहुतेक वेळा ‘मोअर’च्या खाली दडलेले असते. सेटिंग्जमधून ‘सी ऑल सेटिंग्ज’ उघडून लेबल्स या टॅबवर जावे, स्पॅमसमोर ‘शो’ निवडावे आणि तिथेच ‘शो इन आयमॅप’ या चौकटीत खूण आहे ना ते पाहून घ्यावे. ही खूण नसेल तर आयमॅप लावूनही संगणकावर स्पॅम दिसत नाही आणि आपण पुन्हा कऱ्हाडच्या कथेपाशी येतो. जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी कायमचा काढून टाकते, म्हणजे चूक दुरुस्त करण्याची मुदत तेवढीच असते.

अडकलेला चांगला मेल सापडला की तो नुसता वाचून सोडू नये. उघडून ‘नॉट स्पॅम’ हे बटण दाबावे. त्याने मेल इनबॉक्सात येतो आणि चाळणीलाही तिची चूक समजते. त्याच पाठवणाऱ्याकडून पुढेही मेल येणार असतील तर एक फिल्टर करून ठेवावा. शोधाच्या पट्टीच्या उजव्या कडेला असलेल्या सरकपट्ट्यांच्या चिन्हावर टिचकी मारावी, उघडलेल्या चौकटीत ‘फ्रॉम’समोर पत्ता लिहावा, ‘क्रिएट फिल्टर’ दाबावे आणि पुढच्या यादीत ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ यावर खूण करावी. आधीच स्पॅममध्ये जाऊन पडलेले मेल मात्र हाताने बाहेर काढावेत.

अंकाच्या कचेरीची अडचण वेगळी होती. कथा पाठवणारी माणसे दरवर्षी नवी असतात, त्यांचे पत्ते आधी माहीत नसतात, आणि अनोळखी पत्त्यावरून जोडफाइलसह आलेल्या पहिल्याच मेलकडे कोणतीही चाळणी संशयानेच पाहते. आम्ही मजकुराच्या आवाहनातच छापले की मेलच्या विषयात ‘दिवाळी अंक मजकूर’ हे तीन शब्द याच क्रमाने लिहावेत, आणि हे तीन शब्द अवतरणचिन्हांत घालून विषयावर फिल्टर लावला, ज्यात स्पॅमला मज्जाव होता आणि ‘मजकूर’ हे लेबल आपोआप लागत होते. नुसता ‘दिवाळी’ हा शब्द घेतला असता तर मिठाईपासून मोटारींपर्यंतच्या सगळ्या सवलती त्याच दाराने आत आल्या असत्या. सोसायटीच्या सचिवांना, शिकवणी घेणाऱ्यांना किंवा अर्ज मागवणाऱ्या कोणत्याही संस्थेला ही युक्ती जशीच्या तशी वापरता येईल.

दुसरी युक्ती पत्त्याची आहे. जीमेलच्या पत्त्यात ‘अ‍ॅट’च्या चिन्हाआधी अधिकचे चिन्ह आणि त्यापुढे कोणताही शब्द लिहिला तरी मेल त्याच खात्यात येतो. दुकानात, संकेतस्थळावर, स्पर्धेच्या अर्जावर असा शेपटीचा पत्ता दिला की पुढे कचरा कोणत्या वाटेने आला ते ‘टू’च्या ओळीत दिसते आणि त्या एका शेपटीवर फिल्टर लावून तेवढेच दार बंद करता येते. काही अर्ज मात्र पत्त्यात अधिकचे चिन्ह स्वीकारत नाहीत.

नको असलेल्या मेलबाबत एक भेद पाळावा. आपण स्वतः कधीतरी नाव नोंदवलेल्या दुकानाचे किंवा नियतकालिकाचे मेल नकोसे झाले असतील तर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारचे ‘अनसबस्क्राइब’ वापरावे. दिवसाला ५,००० हून अधिक मेल जीमेलकडे पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. जाहिरातीचे मेल एका टिचकीत बंद करता येण्याची सोय द्यावी आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे, अशी त्यांच्यावर सक्ती आहे. म्हणजे मागवलेल्या मेलवर कंटाळून ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबले तर ती त्या संस्थेविरुद्धची तक्रार धरली जाते. अनोळखी पाठवणाऱ्याच्या बाबतीत याच्या उलट वागावे: आतल्या कोणत्याही दुव्याला, अगदी तिथल्या ‘अनसबस्क्राइब’लाही हात न लावता ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबावे.

स्वतःच्या डोमेनचा मेल

संस्थेच्या नावाचे डोमेन घेऊन सीपॅनेलच्या (ब्राउझरमधून सर्व्हरची मांडणी करण्याच्या साधनाच्या) होस्टिंगवर मेल चालवणाऱ्यांकडे सर्व्हरची चाळणी बहुधा स्पॅमअसॅसिन नावाची असते. ती प्रत्येक मेलला गुण देते. फसवे दुवे, ओरडणारा विषय, काळ्या यादीतला सर्व्हर अशा प्रत्येक खुणेचे थोडेथोडे गुण वाढत जातात आणि बेरीज ५ च्या मूळ मर्यादेला पोहोचली की मेल स्पॅम ठरतो. सीपॅनेलमध्ये ईमेलच्या विभागात स्पॅम फिल्टर्स उघडावे, चाळणी चालू करावी, ‘स्पॅम बॉक्स’ चालू करावा आणि ‘ऑटो-डिलीट’ बंदच ठेवावे. ही शेवटची सोय होस्टिंगवाले कधी कधी जागा वाचवण्यासाठी सुचवतात. ती चालू असेल तर अडकलेला मेल बघायलाही मिळत नाही.

मर्यादा ५ वरून खाली आणण्याआधी हिशेब पाहावा. थंडरबर्डमध्ये मेल उघडून कंट्रोल-यू दाबले की मेलचा मूळ मजकूर दिसतो आणि त्यात ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ या ओळीत मिळालेले गुण आणि पुष्कळदा लागू असलेली मर्यादा व कोणत्या चाचण्या लागल्या त्यांची नावेही असतात. दहा-बारा चांगल्या आणि तेवढ्याच वाईट मेलच्या या ओळी ताडून पाहिल्या की मर्यादा ४ करावी की ६, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. नेहमीच्या पाठवणाऱ्यांचे पत्ते तिथल्याच व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे विश्वासू यादीत, घालता येतात. त्या यादीत स्वतःचे डोमेन मात्र कधीही घालू नये. तुमच्याच पत्त्यावरून तुम्हाला आल्यासारखे भासणारे बनावट मेल ही ठगांची नेहमीची चाल आहे, आणि स्वतःचे डोमेन विश्वासू ठरवले की त्या मेलसाठी आपण होऊन सताड दार उघडल्यासारखे होते. हीच खबरदारी आउटलुकच्या सेफ सेंडर्सच्या यादीलाही लागू आहे, आणि जीमेल डॉट कॉमसारखे अख्खे सार्वजनिक डोमेन तर तिथे घालण्याचा विचारही करू नये.

आउटलुक: जुने आणि नवे

आउटलुक हे नाव सध्या दोन वेगळ्या प्रोग्रॅमना आहे आणि त्यांची जंकची व्यवस्था निरनिराळी आहे. विंडोजवरचे नवे आउटलुक आणि आउटलुक डॉट कॉम यांत सेटिंग्जच्या चाकावरून मेल आणि त्यातून जंक ईमेल असे गेले की अडवलेल्या आणि विश्वासू पत्त्यांच्या याद्या मिळतात. संपर्कयादीतल्या माणसांच्या मेलवर विश्वास ठेवण्याचा पर्याय तिथे चालू करून ठेवावा.

जुन्या आउटलुकमध्ये आधी संबंधित खात्याच्या इनबॉक्सात जावे, मग होम टॅबवरच्या जंक या बटणातून जंक ईमेल ऑप्शन्स उघडावे. तिथे चार पातळ्या आहेत: आपोआप काहीच न गाळणे, कमी, जास्त, आणि फक्त विश्वासू यादीतलेच स्वीकारणे. या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या चाळणीला मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१६ पासून ताजी माहिती देणे थांबवले आहे, त्यामुळे ती आजच्या ठगांपुढे आंधळी आहे आणि ‘जास्त’ या पातळीवर ठेवली तर सुक्याबरोबर ओलेही जळते. खाते जीमेलचे किंवा चांगल्या सर्व्हर-चाळणीचे असेल तर पहिली पातळी ठेवावी. त्या पातळीवरही अडवलेल्या पत्त्यांची यादी काम करतच राहते. संशयित मेल फोल्डरमध्ये न टाकता थेट कायमचा पुसण्याची जी चौकट खाली आहे, तिच्यावर खूण असेल तर ती काढावी. सेफ सेंडर्सच्या टॅबवर खालच्या दोन्ही चौकटींवर, म्हणजे संपर्कातल्या माणसांवर विश्वास ठेवणे आणि आपण ज्यांना मेल पाठवतो त्यांचे पत्ते यादीत आपोआप घालणे यांवर, खूण करावी. यादी तयार झाली की तिथल्याच बटणाने ती फाइलमध्ये उतरवून कचेरीतल्या दुसऱ्या संगणकावर चढवता येते.

इंटरनॅशनल नावाच्या टॅबवर लिपीच्या संकेतनावरून मेल अडवण्याची सोय आहे. परदेशी लिपीतला कचरा येतो म्हणून उत्साहाने तिथे सगळ्यावर खुणा करणारे मी पाहिले आहेत. आपल्या मराठी मेलचा मजकूर युनिकोडमध्ये येतो हे लक्षात ठेवून तिथे काहीही निवडू नये. अडवलेल्या पत्त्यांच्या यादीतही रोज भर घालत बसू नये, कारण ठग तोच पत्ता क्वचितच पुन्हा वापरतो. ती यादी पिच्छा न सोडणाऱ्या खऱ्या माणसांसाठी ठीक आहे.

थंडरबर्ड: शिकवावी लागणारी चाळणी

थंडरबर्डमधली चाळणी अठराव्या शतकातल्या थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाच्या संभाव्यतेच्या सिद्धान्तावर चालते. समजा, ‘मानधन’ हा शब्द तुम्ही चांगल्या ठरवलेल्या मेलमध्ये ४० वेळा आणि जंक ठरवलेल्यांत एकदाच आला, तर नव्या मेलमधला ‘मानधन’ त्याला चांगल्याकडे ओढतो. ‘प्री-अप्रूव्ह्ड’चे उलट असेल तर तो वाईटाकडे ओढतो. सगळ्या शब्दांच्या ओढाताणीतून निकाल लागतो. यात बहुतेकांची चूक अशी होते की ते फक्त जंकच दाखवत राहतात. नुसती वाईट उदाहरणे पाहिलेल्या चाळणीला चांगला मेल कसा असतो ते ठाऊकच नसते, आणि इनबॉक्सात नुसता पडून असलेला मेल ती चांगला म्हणून धरत नाही. तसे तिला मुद्दाम सांगावे लागते.

म्हणून अकाउंट सेटिंग्जमध्ये त्या खात्याच्या जंक सेटिंग्जवर जाऊन आधी ‘अ‍ॅडॅप्टिव्ह जंक मेल कंट्रोल्स’ चालू करावेत आणि पत्त्यांच्या वहीतल्या माणसांना जंक न ठरवण्याची खूण करावी. मग इनबॉक्सातले शंभरेक चांगले मेल, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, निवडून शिफ्ट-जे दाबावे. जंकच्या फोल्डरमधले तेवढेच मेल निवडून नुसती ‘जे’ ही कळ दाबावी. पुढचे पंधरा दिवस चुकलेला प्रत्येक निकाल याच दोन कळांनी दुरुस्त करावा. या काळात जंक हलवण्याची सोय बंद ठेवून फक्त खूण लागू द्यावी, म्हणजे चुका इनबॉक्सातच दिसतात. भरवसा बसल्यावर ‘मूव्ह न्यू जंक मेसेजेस टू’ चालू करावे.

मेल कुठे हलवायचा हे निवडताना डोळ्यांत तेल घालून पाहावे. सर्व्हर स्पॅम नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो, थंडरबर्ड जंक नावाचे नवे फोल्डर तयार करतो, आउटलुक आणखी तिसरेच उघडतो, आणि तीन ठिकाणी कुणीच बघत नाही. ‘अदर’ हा पर्याय घेऊन सर्व्हरचेच स्पॅम फोल्डर निवडावे. ते दिसत नसेल तर खात्यावर उजवी टिचकी मारून सबस्क्राइबमध्ये त्याच्यावर खूण करावी. जीमेलच्या खात्यात याचा आणखी एक फायदा होतो: आयमॅपमधून स्पॅमच्या फोल्डरमध्ये हलवलेला मेल जीमेल तक्रार म्हणून धरते, म्हणजे संगणकावर बसून दिलेला निकाल सर्व्हरलाही कळतो. डोमेनच्या खात्यासाठी त्याच पानावर स्पॅमअसॅसिनच्या निकालावर विश्वास ठेवण्याची चौकट आहे, तीही चालू करावी. जुने जंक आपोआप पुसण्याची मुदत ठेवायचीच असेल तर ३० दिवसांपेक्षा कमी ठेवू नये.

थंडरबर्डने शिकलेले सगळे त्या संगणकावरच्या एकाच फाइलमध्ये असते आणि त्या प्रोफाइलमधल्या सर्व खात्यांना सामाईक असते. शेजारच्या टेबलावरच्या थंडरबर्डला त्यातले काहीच ठाऊक नसते. मुख्य चाळणी सर्व्हरवर हवी असे वर म्हटले त्यामागे हेही एक कारण आहे.

मॅकवरच्या मेल या प्रोग्रॅममध्येही सेटिंग्जमधल्या जंक मेलच्या टॅबवर जवळपास हेच पर्याय मिळतात. आधी खूण लावून इनबॉक्सातच ठेवणे आणि नंतर हलवणे हा क्रम तिथेही पाळावा.

शंकास्पद मेल सोडवताना

स्पॅममधून मेल बाहेर काढण्याआधी तो खरा आहे का ते पाहावे लागते. जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ उघडले की वर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क यांचे निकाल दिसतात. पहिला निकाल पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का ते सांगतो, दुसरा मेलवरची सही ताडतो, आणि तिसरा या दोघांची सांगड समोर दिसणाऱ्या ‘फ्रॉम’च्या डोमेनशी घालतो. तिन्हींसमोर ‘पास’ आले तरी पाठवणारा सज्जन आहे असे त्यातून ठरत नाही. आयकराचा परतावा देऊ करणाऱ्या एका मेलला तिन्ही पास होते, कारण ठगाने स्वतः विकत घेतलेल्या डोमेनवर सगळे नीट बसवले होते. नाव तेवढे आयकर खात्याचे लावले होते. त्यामुळे नावाखालचा पत्ता वाचावा आणि त्याची शेवटची अक्षरे पाहावीत. आयकर खात्याच्या संकेतस्थळाचा पत्ता इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन असा आहे, आणि बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर न्यावीत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. अशा मेलमुळे पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा.

अंकाच्या कचेरीत आता दर शनिवारी चहाआधी एक जण ब्राउझरमधून प्रत्येक खात्याचे स्पॅम उघडतो, फक्त पाठवणारा आणि विषय यांवरून नजर फिरवतो आणि सापडलेले चांगले मेल त्याच वेळी सोडवतो. मजकुराच्या दिवसांत हे काम रोज होते. थंडरबर्डच्या चुका अचानक वाढल्या तर, कुणीतरी घाईत भलत्याच मेलवर ‘जे’ ही कळ दाबलेली असते असा माझा अनुभव आहे. तेव्हा सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या पानावर ‘रीसेट ट्रेनिंग डेटा’ दाबून शंभर चांगले आणि शंभर वाईट मेल पुन्हा एकदा दाखवावे लागतात.